भिंतीवरून ‘गुप्त’ पुसताना

रेल्वेने फिरणाऱ्या माणसाला ‘गुप्तरोग’ हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. रुळांकडेच्या भिंती, मुताऱ्या, विजेचे खांब, सगळीकडे तो रंगवलेला असतो. सोबत ‘शर्तिया इलाज’ आणि मोबाइल नंबर. अशा जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. भिंतींना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मिरजेत आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या गोदामाच्या भिंतीवरही अशीच जाहिरात होती. आशाताई आणि काही पोरांनी ठरवलं, तिथे आपण सगळ्यांनी मिळून लैंगिक आरोग्याचं चित्र काढायचं. मालकाने होकार दिला. हरकत घेतली ती एका बुजुर्ग चाचांनी. “ये क्या दिवालपे लिखने की बात हाय?” एक पोरगा अदबीने म्हणाला, “चाचा, ‘मर्दाना कमजोरी’ इथे पंधरा वर्षं लिहिलेलं होतं.” चाचा गप्प झाले. राजी मात्र झाले नाहीत.

खरी अडचण शब्दांची होती. दुपारी जोहरनंतर बायकांची बैठक भरली. पत्रकावर ‘लैंगिक संक्रमित आजार’ असं छापलेलं. ते कुणाच्या तोंडी बसेना. आमचे शब्द वेगळे: ‘अंगावरून जातंय’, ‘खालचं दुखणं’, आणि पाळी आली की ‘नमाज नाही’. तेव्हा सत्तरीच्या खाला बोलल्या. त्यांना लग्नात ‘बहिश्ती जेवर’ मिळालं होतं. मौलाना अशरफ अली थानवींच्या त्या पुस्तकात हैज, निफास, गुस्ल सगळं नाव घेऊन सांगितलेलं आहे. खाला म्हणाल्या, “किताबमध्ये चालतं, मग भिंतीवर का नाही?” हजरत आयशांनी अन्सारी बायकांची तारीफ केली होती, ती दीन समजून घेताना त्यांची हया आड आली नाही म्हणून. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकतो. तिचा असा उपयोग मात्र मी पहिल्यांदाच पाहिला.

चित्रात चेहरे नकोत, हे सगळ्यांनाच मान्य होतं. कला शिकणाऱ्या एका मुलीने खडूने जाळीची नक्षी आखली, त्यात डाळिंबं आणि हात. रंग भरायला कोण नव्हतं! शाळेतून आलेल्या मुली, रिक्षावाले, बुरखा सावरत ब्रश धरणाऱ्या सुना. नक्षीच्या मधल्या चौकटींत आमच्याच भाषेतली वाक्यं आली. पांढरं जाताना वास, खाज किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर अंगावर काढू नका. काही आजार लक्षणं न दाखवता आत राहतात आणि मूल न होण्याचं कारण बनतात. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या. सिफिलिस औषधाने बरा होतो. सरकारी दवाखान्यातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये उपचार मोफत आहेत. खाली हेल्पलाइन, १०९७.

वाद पेटला तो शेवटच्या वाक्यावर: ‘औषध दोघांनी घ्यायचं.’ पुरुषांचं म्हणणं, हे बारीक अक्षरांत लिहा. बायका हटल्या नाहीत. कारण प्रत्येकीला ठाऊक होतं, बाई गोळ्यांचा कोर्स पुरा करते, नवरा दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. वर दोष तिच्यावरच, वांझपणाचा ठपकाही तिच्यावरच. शेवटी ते वाक्य सगळ्यात मोठं लिहिलं गेलं, डाळिंबी रंगात. ‘दोघांनी’ हा शब्द खालांनी रंगवला. हात थरथरत होता, त्यामुळे वेलांटी जरा वाकडी आली. कुणी ती नीट करू दिली नाही.

या भिंतीने मोहल्ला बदलला, असं मी म्हणणार नाही. चाचा अजूनही तिथून नजर वळवून जातात. पण आता आशाताईंना दारात कुजबुजावं लागत नाही. बाई भिंतीकडे बोट दाखवते आणि म्हणते, “ताई, ते तिसरं लिहिलंय ना, ते.” मागच्या महिन्यात कुणीतरी कोपऱ्यात पुन्हा ‘शर्तिया इलाज’चं पत्रक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी फजरला जाणाऱ्यांनी पाहिलं, ते कुणीतरी नखाने खरवडून काढलं होतं.