खडकीपर्यंत आणि परत

आमच्या वडिलांनी प्रवास असा कधी केला नाही. शेजारचे लोक काशी-रामेश्वर करून येत, आम्हा मुलांना वर्णने ऐकवीत. आमचे वडील मात्र सदाशिव पेठेतून सायकलवर निघत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात आणि संध्याकाळी परत येत. अशी अठ्ठावीस वर्षे. दारात सायकल टेकवून एकच शब्द बोलत, "आलो."

ती सायकल अजून माझ्याजवळ आहे. वाडा पडून इमारत झाली, तेव्हा बाईसाहेब मागच्या चाकावर उभ्या राहून लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आल्या!

यंदा नातवाने मला सायकलवर बसवायचा छोटा संगणक भेट दिला. वेग सांगतो, अंतर सांगतो. पण दोघांची पत्रिका जुळेना. त्याची कडी आजच्या जाड हँडलसाठी, आणि आमच्या हँडलवर लोखंडी काड्यांचे ब्रेक, घंटी, दिवा अशी दाटी. मोकळी जागा काय ती हँडलच्या मानेवर.

नाना पेठेतल्या एका बोळात लेथवाले मिस्त्री आहेत. मी म्हणालो, "मानेला दोन भोके पाडा आणि बसवून टाका."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काका, भोक पाडलं की तिथूनच एक दिवस चीर जाते. भर रस्त्यात हँडल हातात येईल. वडिलांची गाडी ना? तिला धक्का लावायचा नाही."

त्यांनी आधी पुठ्ठा कापून माप घेतले. मग 3 मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापली. तिच्या एका टोकाला, मान आवळणाऱ्या वरच्या बोल्टच्या मापाचे भोक पाडले. पट्टी शेगड्यात धरून हळूहळू वाकवली. एकदम वाकवली तर तडकते. कडा कानशीने गोल केल्या. दुसऱ्या टोकावर संगणकाची बैठक स्क्रूने बसवली, आणि मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, धक्के कमी लागावेत म्हणून. पट्टी वायसरसारखी बोल्टाखाली घातली, हँडल चाकाशी सरळ करून बोल्ट आवळला. सायकलला ओरखडासुद्धा नाही.

मग चिमट्यावर मोजणी करणारा डोळा आणि तारेवर लोहचुंबक. चाक किती वेळा फिरले एवढेच त्याला कळते. एका फेरीचे अंतर आपण सांगायचे. मिस्त्रींनी टायरवर आणि फरशीवर खडूची खूण केली, चाक एक फेरी फिरवले आणि टेप लावली. 223 सेंटिमीटर. "नीट लिहा काका. इथं एक सेंटिमीटर चुकला, तर शंभर किलोमीटरला साडेचारशे मीटरचा घोळ."

रविवारी पहाटे निघालो. शनिवारवाडा, नवा पूल, शिवाजीनगर, वाकडेवाडी. समोरून वारा आला की वाटे, हाच वारा त्यांनीही खाल्ला असेल. पावसाळ्यात तर भिजूनच कामावर उभे राहिले असतील. कारखान्याच्या फाटकाशी थांबून आकडा पाहिला : 7.5.

जाऊन-येऊन 15. वर्षाचे कामाचे दिवस 290 धरले आणि तिथेच, फाटकासमोर, बोटांवर हिशेब केला. अठ्ठावीस वर्षांचे 1,21,800 किलोमीटर! पृथ्वीचा घेर 40,000 च्या आसपास. म्हणजे प्रवास न केलेल्या माझ्या वडिलांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. आमची पोटे भरण्यासाठी, आणि एकही वर्णन न ऐकवता.

घरी परतलो. सौ.ने दार उघडले. सांगायचे पुष्कळ होते. सायकल भिंतीला टेकवली आणि तोंडून एवढेच निघाले, "आलो."