हवेचा हिशेब

हवा डोळ्यांना दिसत नाही; त्यामुळे ती स्वच्छ आहे की मलिन, याची चौकशी करण्याचे सहसा आपल्या मनात येत नाही. पाणी गढूळ असले की आपण पेला दूर सारतो. श्वासाच्या बाबतीत तेवढी सवडही नसते. माझ्या सेवेच्या अखेरच्या काळात, २०१५ च्या हिवाळ्यात, आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांनी या न दिसणाऱ्या हवेचा हिशेब मांडण्याचा उद्योग आरंभिला.

साहित्य अगदी साधे होते. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर आलेखाचा कागद डकवला आणि वर व्हॅसलिनचा पातळ थर दिला. एक पुठ्ठा हमरस्त्यालगतच्या कुंपणावर, एक मैदानातील वडाखाली आणि काही मुलांच्या घरी, अशी त्यांची स्थापना झाली. एक मात्र आम्ही पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवला.

“गुरुजी, डब्यात कसली धूळ येणार?” एका मुलाने हसत विचारले.

“येणार नाही, म्हणूनच तो ठेवायचा. इतर पुठ्ठे ताडून पाहण्यास एखादा कोरा नको का?”

चार दिवसांनी पुठ्ठे गोळा झाले. भिंगातून दहा-दहा चौकोनांतील कण मोजायचे व सरासरी काढायची, असे ठरले होते. रस्त्यावरचाच पुठ्ठा सर्वांत मळलेला निघणार, याविषयी वर्गाचे एकमत होते. पैजाही लागल्या होत्या. त्यावर तांबूस धूळ पुष्कळ होती, हे खरे; परंतु एका मुलीने घरून आणलेल्या पुठ्ठ्यावरचे चौकोनच काजळीने दिसेनासे झाले होते. तो चुलीजवळच्या फडताळात ठेवलेला होता. मुले हसू लागली, तशी तिने तो पाठीमागे लपवला.

“तुझी आई चुलीपुढे किती वेळ बसते?” मी विचारले.

“सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “तिला खोकला आहे.”

हसणे थांबले. दुसऱ्या दिवशी पाच-सहा मुलांनी आपापल्या घरच्या चुलीजवळ ठेवण्यासाठी पुठ्ठे मागून नेले.

मुलांनो, आमच्या पुठ्ठ्यांवर बसले ते केवळ जाडे कण. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर धुरातील पुष्कळ कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते लवकर खाली बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांच्या मोजणीस यंत्रेच लागतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या देशात राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला होता. ‘चांगली’पासून ‘गंभीर’पर्यंत हवेच्या सहा पायऱ्या त्यात आहेत. मी त्याविषयी सांगितले, तेव्हा त्या मुलीने विचारले, “आमच्या स्वयंपाकघराची पायरी कोण सांगणार?” मजपाशी उत्तर नव्हते.

पुढे तिच्या वडिलांनी चूल मागच्या उघड्या पडवीत हलवली. नवा पुठ्ठा आला, तेव्हा त्यावरील कण मोजता आले; वर्गाने ते दोनदा मोजले. तिसरा पुठ्ठा तिने कोणी न सांगता लावला. त्याच्या पाठीवर तारीख आणि वेळ लिहिली होती, आणि खाली बारीक अक्षरांत एक नोंद होती: आई आज तीनदा खोकली.