वाचता येईल अशी फाईल

8 जुलै 2023, पुणे
एम.ए. मराठीचे वर्ग सुरू झाले. भाषाविज्ञानाच्या सरांनी ग्रुपवर नोट्स टाकल्या. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस ऐकू येऊ लागले. फाईल जुन्या फाँटमधली. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. बघणाऱ्याला ‘क’ दिसतो. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असतं आणि मला तेच ऐकू येतं.

11 जुलै
मैत्रिणीने फाईल युनिकोडमध्ये बदलून दिली. पण रफार आणि पहिल्या वेलांट्या जागच्या हलल्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती ब्रेलसारखीच, आपण बोलतो तशी, व्यंजनानंतर येते. स्वनिमांचं प्रकरण आणि त्यातच अक्षरांची ही गत! सरांना जाऊन सांगितलं. “अगं, हे मला माहीतच नव्हतं. पुढचं टिपण युनिकोडमध्ये देतो,” म्हणाले.

2 ऑगस्ट
सरांनी शब्द पाळला. रात्री सगळं टिपण सलग ऐकलं, अडलं तिथे मागे जाऊन पुन्हा ऐकलं. वाचून दाखवायला कुणाची वेळ मागावी लागली नाही. हा आनंद डोळसांना कसा सांगावा?

14 सप्टेंबर
संदर्भग्रंथ मात्र कागदावरच. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा आमच्यासाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करू देतो. म्हणून दादा घरी पानं स्कॅन करतो. त्या चित्रांतून मजकूर ओळखताना, म्हणजे ओसीआरमध्ये, जोडाक्षरं फुटतात, तळटीपा मजकुरात घुसतात. पुस्तक छापताना ते संगणकावर जुळवलेलं होतंच ना? मग तेच पुन्हा आमच्या घरी का घडवायचं?

20 नोव्हेंबर
पेपर झाला. मी सांगेन ते लिहिणारी रायटर बी.ए.ची मुलगी, मनापासून लिहिणारी. पण ‘उपस्वन’, ‘रूपिम’ तिला नवे. एकेक अक्षर सांगावं लागलं. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, त्यातली बरीच यातच गेली. अपंग विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षांसाठीच्या 2018 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत उत्तरं संगणकावर लिहिण्याचा पर्यायही आहे. पुढच्या सत्रासाठी तसा अर्ज आजच दिला.

25 नोव्हेंबर
नव्या विषयांच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं: नोट्सचे फोटो पाठवू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाईल द्या, आणि वर्गाला देता त्याच दिवशी द्या.