मक्षिकास्थाने मक्षिका

'माशा मारीत बसणे' हा आपल्याकडे काही प्रशंसेचा शब्द नव्हे. ज्याला कसला उद्योग नाही, त्याचा तो उद्योग. पण माशा करीत बसणारी माणसेही या जगात आहेत, आणि ती हे काम देवपूजेच्या निष्ठेने करतात, हे मला साठी उलटल्यावर, स्कॉटलंडात मुलीकडे राहायला गेलो तेव्हा कळले.

दीक्षा दिली जावईबापूंनी. जावईबापू सदाशिव पेठेतले, शुद्ध शाकाहारी. मी मालवणचा. मासे गरवणे मला लहानपणापासून ठाऊक. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, शिशाचा गोळा बांधायचा, दोरी भिरकावायची आणि वाट बघायची. मासा भुकेला, आपणही भुकेले, व्यवहार सरळ. जावईबापूंच्या गळाला मात्र आमिष नसतेच. असते ती पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन म्हणून नाही. मग ती लांब फेकायची कशी? तर इथे दोरीच जड असते. काठी मागे न्यायची, पाठीमागे हवेत दोरी पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे, आणि मग पुढे. टोकाची माशी निमूटपणे दोरीमागून जाते. सारी कला त्या थांबण्यात आहे. घाई केली की दोरीचा चाबूक होतो.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हे दुकान मांडलेले असे. छोट्याशा वाइसमध्ये गळ आवळून त्यावर रेशमाचे वेढे, वर जरीची तार, मग मोरपिसाचा एकेक तंतू. कोंबड्याच्या मानेचे पीस गुंडाळले की त्याचे केस चोहोबाजूंनी उभे राहतात. आमची आई चातुर्मासात फुलवाती करी, तेव्हा तिची बोटे अशीच चालत आणि तोंड असेच बंद असे.

एकदा त्यांनी एका डबीतून पीस काढून माझ्यापुढे धरले. "बाबा, ओळखा बघू." काळ्या-करड्या पिसावर लाखेचा थेंब पडावा तसा पिवळसर ठिपका. आमचा राखी रानकोंबडा! आंबोलीच्या घाटात पहाटे आरवताना ऐकलेला! 'जॉक स्कॉट' नावाची जी नामांकित जुनी माशी आहे, तिच्या गालांवर हेच पीस लागते. इंग्रजांच्या काळात ही पिसे बोटीतून तिकडे जात. आता आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला अभय आहे. जावईबापूंचे पीस तिकडेच पाळलेल्या कोंबड्याचे. तरीही सह्याद्रीचा आहेर थेट तिथल्या माशापर्यंत पोचलेला पाहून मला उगीचच अभिमान वाटला.

ट्राउट माशाचे एक समजण्यासारखे आहे. तो नदीवर उडणाऱ्या माशा खातो. त्याला फसवायचे तर हुबेहूब तीच माशी हवी, म्हणजे आपले मक्षिकास्थाने मक्षिका. तरंगत्या माशा कशा बांधाव्यात यावर फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थाने १८८६ साली अख्खा ग्रंथ लिहिला. पण सॅमन? तो समुद्रातून नदीत शिरतो तो अंडी घालण्यासाठी, आणि नदीत आल्यावर अन्नच सोडतो. कडकडीत उपास! मग तो माशीवर झडप का घालतो? रागाने? कुतूहलाने? जुन्या सवयीने? तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. म्हणजे ज्याला भूक नाही, त्याच्यापुढे मोरपिसांचा आणि जरीचा नैवेद्य ठेवायचा, आणि त्याने तो का घेतला हे कधीच कळायचे नाही.

या नैवेद्याची थोर पुजारीण म्हणजे मेगन बॉइड. १९१५ साली जन्मलेली ही बाई उत्तरेला ब्रोराजवळ समुद्राकाठच्या एका झोपडीवजा घरात, खिडकीशी बसून, डोळे साथ देईनात तोवर माशा बांधीत राहिली. राजपुत्र चार्ल्स तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक. १९७१ साली तिला सरकारी पदक मिळाले, तेव्हा कुत्र्याकडे बघायला कुणी नाही म्हणून ती राजवाड्यात गेली नाही, असे सांगतात. आणि या बाईने स्वतः कधी मासे धरले नाहीत! जीव घेणे तिला आवडत नसे. २००१ साली ती वारली. तिच्या माशा आता लोक चौकटीत बसवून भिंतीवर लावतात.

एका संध्याकाळी जावईबापूंच्या काठीला बाक आला. वीस मिनिटांनी सॅमन जाळीत होता, चांदीच्या परातीसारखा. मी मनातल्या मनात तुकड्या पाडू लागलो. जावईबापूंनी त्याला पाण्याबाहेरही काढले नाही. गळाचा काटा आधीच चेचलेला. तो अलगद निघाला. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून ते त्याला दोन्ही हातांनी धरून राहिले.

मला राहवले नाही. म्हटले, "खायचा नाही, तर छळायचा कशाला? आम्ही निदान खातो."

"बाबा, खरे आहे तुमचे," ते म्हणाले. "पण मासे धरणाऱ्यांच्या पैशावरच नदीचे राखणदार पोसले जातात. आम्ही गेलो, तर नदीकडे बघायला कोण येणार?"

उत्तर पुरते पटले नाही. पण २०२३ साली ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला, आणि तिथे गळाला लागलेल्या शंभरांतले नव्वदाहून अधिक सोडून दिले जातात, हेही त्यांनीच सांगितले. तेवढ्यात माशाने शेपूट हलवली. जावईबापूंनी हात उघडले.

रात्री मुलीने दुकानातला, समुद्रातल्या पिंजऱ्यात पोसलेला सॅमन आणून माझ्यासाठी तिखले केले. जावईबापू वरणभात जेवले आणि पुन्हा माशा करायला बसले.