जाळीपाशी थांबलेली म्हैस

"तुमच्या म्हशी फुलं तुडवतात," असं मला तोंडावर ऐकवलं होतं. ते अजून टोचतं.

कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, पावसाळ्यात फुलं. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कासही आलं. गर्दी लोटली. त्याच सुमारास पठाराला तारेची जाळी लागली आणि चराई बंद झाली.

आमच्या तीन म्हशी होत्या. जाळी लागली त्या दिवशी नेहमीच्या वाटेने निघाल्या आणि जाळीपाशी थबकल्या. हाकललं तर हलेनात. थोरली जाळीला कपाळ लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी काठी उगारली आणि तशीच खाली घेतली. तिची आई, आईची आई याच वाटेने चरायला गेलेली. तिला मी काय समजावणार? आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी ती आपणहून खालच्या वाटेला वळली. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. दूध आटलं, विकतची वैरण परवडेना. दोन वर्षांत तिघी विकल्या.

इकडे पठारावर गवत माजलं. सीतेची आसवं, गेंद ही वीत-दीड वीत उंचीची रोपं. म्हशी गवत खायच्या म्हणून या रोपांना ऊन मिळायचं. फुलं घटली तसे अभ्यासकही चराईबद्दल बोलू लागले. दहाएक वर्षांनी जाळी काढायला घेतली. तुडवण्याबद्दल बोललेलं मात्र कुणी परत घेतलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: माळाला कुंपण घालण्याआधी तिथल्या गुराख्यासोबत एक अख्खा पावसाळा हिंडा. किती गुरं, कुठल्या महिन्यात, कुठल्या अंगाला, ते त्याच्याशी बसून ठरवा. मोकाट चराई मलाही नको.

पण मागच्या सप्टेंबरात एका रविवारी वर गेलो, तर फोटोसाठी माणसं तेरड्यात आडवी पडलेली. त्या घटकेला मलाच जाळी हवीशी वाटली.

शेजारी म्हणतो, "दादा, जाळी गेली, घे की एखादी म्हैस." गोठ्यात आता मोटरसायकल उभी असते. आणि म्हैस घेतली तरी तिला वर नेणार कोण? पुढे थोरली चालायची, मी तिच्या मागून.