यमकातली चीड

शाहिराला चीड मांडायची तर हाताशी पोवाडा असतो. छक्कड ही लावणीच्या घराण्यातली. ढोलकीच्या ठेक्यावर लाडीगोडी, रुसवेफुगवे रंगवावेत, एवढंच तिच्याकडून मागितलं जातं. तरी अण्णाभाऊ साठ्यांनी संयुक्त महाराष्ट्र चळवळीचा संताप 'माझी मैना' या छक्कडीत ओतला. तो त्यात मुरला याचं श्रेय आशयाला दिलं जातं; पदं जुळवणारा म्हणून मी ते यमकाला देईन. मैनेचं, म्हणजे गावी राहिलेल्या बायकोचं, रूप, भल्या पहाटे बांधलेला भाकरतुकडा, तिचं नवऱ्याला घालवायला निघणं, यातल्या बहुतेक ओळी 'ची'वर येऊन टेकतात. पुढे मुंबईतल्या मोटारी, तलम साड्या, जगणारे-मरणारे यांची यादी येते, तीही 'ची'वरच. आणि बेळगाव, कारवार, निपाणीवाचून तुटलेला महाराष्ट्र येतो तोही त्याच 'ची'ने. विषय कुठे बदलला हे कानाला कळतच नाही. शिवाय 'ची' मालकी सांगते. बायको कुणाची, शहर कुणाचं, मुलूख कुणाचा, हे भांडण प्रत्येक ओळीच्या शेवटाला चालूच राहतं.

यावर आक्षेप असा की, बायको हे नुसतं आमिष. लोक जमले की शाहीर सभेचं भाषण सुरू करतो. पण मग पहाटेच्या निरोपावर इतका वेळ कशाला घालवला असता? लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो गडी होते. खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, बायकापोरं गावी. त्यांना विरह समजावून सांगावा लागत नव्हता. तो कशामुळे आला एवढंच सांगायचं होतं, आणि ते गरिबीचं कारण छक्कडीत निरोपाच्या आधीच येऊन जातं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मुलखाला बाईचं रूप देणं ही घासून गुळगुळीत झालेली युक्ती. खरं आहे. मात्र आपल्या देशभक्तीच्या पदांत ती बाई बहुधा आई नाहीतर देवी असते, हात जोडून घेणारी. मैना भाकरी बांधते. तिची पूजा करून सुटका नाही, तिला भेटावंच लागतं. म्हणून राग देवळाकडे न जाता मोर्चाकडे जातो. आता राहिली प्रासंगिकतेची तक्रार. १ मे १९६० ला मुंबईसह राज्य झालं, मग हे पद जुनं व्हायला हवं होतं. मुंबईपुरतं ते झालंही असेल. राज्याबाहेर राहिलेल्या निपाणीत आणि बेळगावात कोणी ते म्हटलं, तर त्यातलं मागणं अजून तसंच उभं आहे.