लुक आउट की वॉच आउट?

इंग्रजीत माझं डोकं सगळ्यात जास्त कोणी खाल्लं असेल तर त्या शेपूटवाल्या क्रियापदांनी. क्रियापद साधंसुधं, पण मागे 'आउट' नाहीतर 'आफ्टर' लागलं की अर्थ भलतीकडेच. त्यातली एक जोडी 'लुक आउट' आणि 'वॉच आउट'. शाळेत दोन्हींचा अर्थ सांगितला होता, 'सावध रहा'. विषय संपला.

नुसतं ओरडायचं असेल तर खरंच फरक नाही. डोक्यावर नारळ पडतोय, यातलं काहीही ओरडा, समोरचा वाचला म्हणजे झालं. (आगगाडीतला एक परदेशी माणूस 'लुक आउट' ऐकून खिडकीतून डोकं बाहेर काढतो, असा एक जुना विनोद आहे. आता त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?)

गंमत सुरू होते ती पुढे 'फॉर' लागल्यावर. 'वॉच आउट फॉर द डॉग' म्हणजे कुत्रा चावरा आहे, जपून. 'लुक आउट फॉर द डॉग' याचाही अर्थ तोच होऊ शकतो, पण कुत्रा हरवलाय, दिसला तर सांगा, असाही होतो. आणि माणसाचं नाव आलं की कमालच. 'लुक आउट फॉर युवर ब्रदर' म्हणजे भावाला सांभाळ. 'वॉच आउट फॉर युवर ब्रदर' म्हणजे भावापासून सांभाळ! मराठीत आपण 'सांभाळ' तोच ठेवून 'ला' आणि 'पासून' वर काम भागवतो. इंग्रज 'फॉर' तोच ठेवतो आणि पुढचं क्रियापद बदलतो.

आमच्या टीममधल्या एका पोराने रिलीजच्या रात्री अमेरिकेतल्या माणसाला मेल टाकली, 'प्लीज लुक आउट फॉर द क्लीनअप स्क्रिप्ट'. त्याला म्हणायचं होतं, ती जुने रेकॉर्ड उडवते, आधी बॅकअप घे. तिकडच्याने वाचलं, एक स्क्रिप्ट येणार आहे, शोध. त्याने शोधली, सापडली, आणि इमानेइतबारे चालवली. आमचा अख्खा शनिवार टेबल परत उभं करण्यात गेला. मॅनेजर म्हणाले, 'कम्युनिकेशन गॅप'. मला विचाराल तर पोराचं इंग्रजी चूक नव्हतं. डिक्शनरीत तो अर्थ आहेच. फक्त तो एकटा नाही.

'लुक' म्हणजे नजर टाकणं, शोधणं. 'वॉच' म्हणजे नजर ठेवणं, पहारा. डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा खलाशी तो 'लुकआउट'. आपल्या पेपरांत कर्जबुडव्यांविरुद्ध 'लुकआउट नोटीस' निघते तीही याच घरातली. म्हणजे माणूस विमानतळावर दिसला तर अडवा. तो चावतो म्हणून नव्हे.

म्हणून धोका सांगायचा तर मी 'वॉच आउट फॉर' लिहितो. मात्र 'फॉर' विसरून क्लायंटला नुसतं 'यू बेटर वॉच आउट' लिहू नका हं. ते सरळ आपलं 'बघून घेईन' होतं.

हल्ली ऑफिसात या सगळ्याच्या जागी 'जस्ट अ हेड्स-अप' आलंय. अमेरिकेत चेंडू अंगावर येताना 'हेड्स अप!' ओरडतात. शब्दशः, डोकं वर करा. चेंडू येताना!